माध्यम आणि संस्कृती अभ्यासात एम.ए. करावं का? लातूरहून एक प्रश्न

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण वृत्तपत्रात, वाहिन्यांत आणि विद्यापीठांत आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मी लातूरची. मराठी साहित्य घेऊन बी.ए. केलं. सध्या एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार आहे. पंचायत समिती, बाजार समिती, महावितरण, पाणीपुरवठा, सणासुदीला मिरवणुका, सगळंच बघते. काम मनापासून आवडतं. पगार बेताचा आहे, पण आईवडिलांबरोबर राहते म्हणून भागतं.

पुढे शिकायचं एवढं नक्की. दोन वाटा दिसतात. एक, पत्रकारितेची पदविका किंवा एम.ए., मराठीतून किंवा निम्मं मराठीतून. दुसरी, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं म्हणजे टिसमधलं मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एम.ए. आमचे वृत्तसंपादक म्हणतात, दोन वर्षं कशाला घालवतेस, इथेच डेस्कला, म्हणजे बातम्या संपादित करायला, घेतो. वडील म्हणतात, बी.एड. कर.

डोक्यात एक प्रश्न घर करून बसलाय, तो सांगते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. मी तेव्हा शाळेत होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती, तेही आठवतं. मध्यंतरी कार्यालयात त्या वर्षाच्या फायली चाळल्या. हंडे घेतलेल्या बायकांचे फोटो जागोजागी आहेत. खाली ओळ ठरलेली, ‘पाण्यासाठी महिलांची वणवण’. मी चाळलं त्यात एकीचंही नाव दिसलं नाही. त्याच पानावर अधिकारी, सभापती, नगरसेवक मात्र नावानिशी आणि हुद्द्यानिशी. त्यातल्या काही गल्ल्या माझ्या रोजच्या येण्याजाण्यातल्या आहेत. त्या बायका आजही तिथेच राहतात.

हे असं का होतं, याचा नीट अभ्यास करायचा आहे. हा पत्रकारितेचा प्रश्न आहे की आणखी कशाचा? आणि इंग्रजीची भीती वाटते, तेही सांगून टाकते.

रात्रपाळी

वयानं लहान असशील म्हणून एकेरीत लिहितो.

मी पुण्यात डेस्कवर आहे, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे नव्या मुलांना घेताना प्रमाणपत्र कुणी फारसं बघत नाही. समोर एजन्सीची लांबलचक इंग्रजी बातमी ठेवतात आणि तीनशे शब्दांत मराठीत दे म्हणतात. ज्याला ते जमतं तो राहतो. हे तुला जिल्ह्यात काम करून आत्ताच येत असणार.

पत्रकारिताच करायची असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट बघ. विद्यापीठाचा हा विभाग १९६४ पासून आहे आणि फर्ग्युसन रस्त्यावर, शहराच्या मध्यात आहे. २०२१ मध्ये तो विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवण्याचा घाट घातला गेला तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. लोकांचा जीव अडकावा असं तिथे काय आहे, तर शहर. सकाळी वर्ग, दुपारी बालगंधर्वला परिसंवाद, संध्याकाळी एखाद्या वर्तमानपत्रात उमेदवारी. दोन वर्षांत ओळखी होतात, हात बसतो.

पण मन मोकळं करून सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत पानं घटली, पुरवण्या बंद झाल्या, चांगली चांगली माणसं घरी बसली. त्यातली बरीच परत आलीच नाहीत. त्यामुळे ‘डेस्कला घेतो’ या शब्दावर आयुष्य बांधू नकोस. आणि तुझा प्रश्न आमच्या न्यूजरूममध्ये कुणी विचारलेला मी तरी ऐकला नाही. रात्री साडेअकराला पान सोडायचं असतं. फोटोओळ सुचत नाही, मग मागच्या उन्हाळ्यातली लागते. ती लावणाऱ्यांत मीही आहेच. कुणीतरी बसून हे तपासावं असं मला फार वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा

पुण्या-मुंबईच्या गर्दीत विदर्भ विसरू नका. आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं, एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. २०२४ पासून आयआयएमसीला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळालाय. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात जनसंचार शिकवतात. नागपुरात तर हिस्लॉप महाविद्यालयानं पन्नासच्या दशकातच पत्रकारितेचे वर्ग सुरू केले होते.

ताईंना जवळचं हवं असेल तर नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल आहे. लातूर-नांदेड एसटीनं जाता येतं, घर सुटत नाही. नोकरी न सोडता करायचं असेल तर मुक्त विद्यापीठाची वृत्तपत्रविद्या मराठीतून आहे.

देवनार_ते_दादर

मांजराकाठ, मी सोलापूरची, मराठी माध्यमाची, आणि टिसमधून हेच एम.ए. केलंय. त्यामुळे जरा लांब लिहिते.

आधी गैरसमज दूर करूया. हा बातमीदार घडवायचा अभ्यासक्रम नाही. बातमी कशी लिहायची हे तिथे कुणी शिकवणार नाही. तिथे विचारतात, बातमी अशीच का लिहिली जाते? सिनेमात चाळ कशी दिसते आणि टॉवर कसा दिसतो? शहर कुणाचं म्हणून दाखवलं जातं? त्याच्या जोडीला कॅमेरा हातात देतात. ध्वनी, संकलन, सगळं स्वतः करायचं. गटानं माहितीपट करायचा आणि शोधनिबंध लिहायचा. विचार आणि हातकाम एकत्र असणं ही या विभागाची खरी ताकद. तिथल्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या प्राध्यापकद्वयीनं २००१ मध्ये गिरणगावावर ‘साचा’ हा माहितीपट केला, त्यात नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत. आम्ही तो वर्गात पाहिला तेव्हा मागच्या बाकावर लालबागचा एक मुलगा बसला होता. त्याचे आजोबा गिरणीत होते. चर्चा सुरू झाली आणि तोच बोलत राहिला, प्राध्यापक ऐकत राहिले. असं शिक्षण मी आधी बघितलं नव्हतं.

इंग्रजीबद्दल. अवघड जातं, खोटं कशाला सांगू? पहिल्या सत्रात वाचायला दिलेलं पहिल्यांदा वाचून काहीच कळायचं नाही. मी एक सवय लावून घेतली. लेखाची सुरुवात आणि शेवट आधी वाचायचा, मग लेखक नेमका कुणाशी भांडतोय ते शोधायचं, आणि वहीत त्याचं म्हणणं मराठीत, माझ्या शब्दांत, चार ओळींत लिहायचं. मराठीत लिहिता आलं नाही तर समजायचं की कळलेलं नाही. दुसऱ्या सत्रापर्यंत भीती गेली. मुलाखती, टिपणं सगळं मराठीत घेतलं, फक्त शेवटचं लेखन इंग्रजीत. आणि क्षेत्रकामाला निघालो की गटातली फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं माझ्या मागे मागे असायची, कारण वस्तीतल्या बायका माझ्याशी बोलायच्या.

प्रवेश २०२३ पासून सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या सामायिक परीक्षेतून होतो, त्यानंतर संस्थेची स्वतःची फेरी असते. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. अर्ज साधारण हिवाळ्यात सुटतात, परीक्षा मार्चच्या आसपास. दरवर्षी काही ना काही बदलतं, म्हणून संकेतस्थळ स्वतः बघा, कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

पैशांचंही आधीच विचारा. शिष्यवृत्ती मिळते हे खरं, पण फी आणि वसतिगृहाचे पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मिळायचे, की शिष्यवृत्ती येईपर्यंत संस्था थांबते, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. २०१८ मध्ये टिसच्या विद्यार्थ्यांनी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या याच प्रश्नावर संप केला होता. प्रवेशाच्या आधी लेखी उत्तर घ्या.

स्पष्टवक्ती

सगळे छान छान सांगतायत म्हणून थोडं कडू सांगते. ‘मीडिया अँड कल्चरल स्टडीज’ म्हणजे नेमकं काय, हे नोकरी देणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. माझ्या ओळखीत या विषयात शिकलेले लोक स्वयंसेवी संस्थांच्या संपर्क विभागात आहेत, माहितीपट करतात, बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या संकेतस्थळांवर आहेत, संशोधन सहायक आहेत, एकजण उपशीर्षकं लिहितो. वाईट कुणीच करत नाही. पण पदवी हातात आली की लगेच पक्की नोकरी, असं कुणाचंही झालं नाही. मधलं वर्ष-दीड वर्ष अस्थिर जातं. ते पेलायची घरची तयारी आहे का, हे वडिलांशी स्पष्ट बोला.

प्राध्यापकी डोक्यात असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल. नेटला ‘जनसंज्ञापन आणि पत्रकारिता’ हा वेगळा विषय आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. त्यावर पीएच.डी. सन्मानानं करता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघाव्यात.

वर्गातून

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात पत्रकारिता शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही.

मांजराकाठ, तुम्ही विचारलंत की हा पत्रकारितेचा प्रश्न की आणखी कशाचा. हाच तर संस्कृती अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि या विद्याशाखेचा जन्मही तुमच्यासारख्यांच्या प्रश्नांतून झालाय. १९६४ मध्ये रिचर्ड हॉगर्ट यांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृती अभ्यासाचं केंद्र काढलं. ते स्वतः लीड्सच्या कामगार वस्तीत वाढलेले. तोवर विद्यापीठात अभिजात वाङ्मय शिकवायचं, आणि कामगार जे वाचतात, बघतात, गुणगुणतात ते अभ्यासायच्या लायकीचं नाही, असा समज होता. पुढे १९६८ पासून जमैकात जन्मलेले स्टुअर्ट हॉल यांनी ते केंद्र चालवलं.

हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली एक गोष्ट तुमच्याच पाणीगाडीवर लावून बघूया. वाहिनी जेव्हा ती गाडी दाखवते तेव्हा त्यात एक अर्थ भरून पाठवते: संकट मोठं होतं, यंत्रणा धावून आली. पुण्यातला प्रेक्षक तो अर्थ जसाच्या तसा घेतो, त्याला बरं वाटतं. मिरजेचा प्रेक्षक म्हणेल, पाणी दिलं ते चांगलंच केलं, पण उद्या आमच्या नदीत कमी पडलं तर? त्यानं अर्थ निम्मा घेतला, निम्मा आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलला. आणि लातूरची बाई, जिच्या गल्लीत अनेक दिवसांनी एकदा टँकर येतो, ती म्हणेल, गाडी आली, पण माझ्या नळाला काय आलं? तिनं तो अर्थच नाकारला. बातमी एकच, वाचन तीन. वरचे तिन्ही प्रेक्षक मी कल्पनेनं उभे केलेत. खरे काय म्हणतात ते जाऊन विचारावं लागेल, आणि ते विचारणं हाच अभ्यास. हॉल ब्रिटनमधल्या दूरचित्रवाणीबद्दल बोलत होते. जातीची उतरंड, पाण्याचा आणि जातीचा संबंध हे त्यांच्या मांडणीत नाही. ते आपण घालायचं आहे. फोटोतल्या बाया कुठल्या वस्तीतल्या आहेत, कुठल्या वस्तीत कॅमेरा गेलाच नाही, हे तुम्हाला लातुरात राहून जितकं कळेल तितकं बाहेरच्या संशोधकाला कळणार नाही.

आपल्याकडे हे काम झालेलंच नाही असं कुणी म्हणू नये. पुणे विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये लावणी आणि पोवाड्यावर जो लेख लिहिला तो माझ्या मते या विषयाच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्यानं आधी वाचावा. लोकप्रिय कला म्हणजे नुसती करमणूक नव्हे, तिच्यात जात आणि लिंगभाव कसे झगडतात, हे त्यात आहे. तो इंग्रजीत आहे, पण एकदा लावणी डोळ्यांसमोर आली की वाचताना अडत नाही.

आणि मराठी वृत्तपत्रांचा अभ्यास ‘दर्पण’, ‘केसरी’ एवढ्यावरच थांबतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘दर्पण’ १८३२ चा, त्याचं मोल आहेच. पण १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो दशकानुदशकं चालवला. खेड्यातून! छपाईचा कागद, टपाल, वर्गणी, सगळं तिथून. तिथे कुणाची नावं छापली जात होती, शेतकऱ्याच्या तोंडी काय येत होतं? तुमचा २०१६ चा प्रश्न त्या प्रश्नापासून फार लांब नाही. यावर ढीगभर शोधनिबंध व्हायला हवेत, आणि ते मराठी वाचता येणाऱ्यांनीच करायला हवेत. दिल्लीत बसून इंग्रजी वृत्तपत्रांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

म्हणून माझं मत सांगतो. हस्तकौशल्य तुमच्याकडे आहे, ते कामातून वाढेलच. तुम्हाला पद्धत हवी आहे. जिथे पद्धत शिकवतात तिथे जा. ते टिस असेल, एखाद्या विद्यापीठाचा विभाग असेल, पण आधी तिथल्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या शोधनिबंधांची शीर्षकं मागून बघा. सगळे ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील प्रभाव’ याच छापाचे असतील तर तिथे जाऊ नका.

कोरडवाहू

वर्गातून सर, शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. आमच्या तुकडीत जवळजवळ सगळ्यांचा विषय हाच होता, फक्त तालुका बदलायचा.

लेस्टरकर

परदेशाचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितो. मी इंग्लंडमध्ये हेच शिकलो. इथे मास्टर्स एका वर्षाचं असतं. सप्टेंबरात सुरू, पुढच्या उन्हाळ्यात प्रबंध लिहून मोकळं. वर्ष कसं जातं कळत नाही, आणि खिशाला मोठी चाट बसते. चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर सगळा खर्च भागतो, पण त्यासाठी किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात. तुमची बातमीदारी त्यात मोजता येईल, म्हणून नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. जिल्ह्यात मानधनावर काम करणाऱ्यांकडे हे कागदच नसतात आणि ऐनवेळी अडतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसहून चालणारा इरॅस्मस मुंडुस पत्रकारिता अभ्यासक्रमही आहे, तो दोन वर्षांचा आणि दोन देशांत.

वर्गातून यांनी बर्मिंगहॅमचं सांगितलं, तर त्याचा पुढचा भागही सांगतो. ते केंद्र ज्या विभागात विलीन झालं होतं तो विभागच २००२ मध्ये विद्यापीठानं बंद केला. जगभरातून निषेध झाला, उपयोग झाला नाही. विद्याशाखा टिकली ती तिथून बाहेर पडलेल्या माणसांमुळे. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा तुमचं मार्गदर्शन कोण करणार ते बघा. आणि आधी भारतात करा. लातूरचा प्रश्न घेऊन थेट इथे आलात तर निम्मं वर्ष लातूर कुठे आहे हे समजावण्यात जाईल.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काही प्रतिसाद दोनदा वाचले, वडिलांनाही वाचून दाखवले. ‘मधलं वर्ष-दीड वर्ष अस्थिर’ हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, नेट आहे म्हणतेस ना, मग बघ. बी.एड.चा विषय सध्या मागे पडलाय.

दोन शंका. सर, पद्धत शिकायला जायच्या आधी मी इथे काय सुरू करू शकते? आणि दुसरी, आमच्या कार्यालयातल्या जुन्या फायली जागा होत नाही म्हणून काढून टाकायचं चाललंय. मुख्य कार्यालयात संगणकावर पानं आहेत म्हणतात, पण जिल्ह्याची पानं त्यात आहेत का, कुणालाच माहीत नाही.

रात्रपाळी

फायलींचं आधी बघ, बाकी सगळं नंतर! मी अशा फायली रद्दीच्या टेम्पोत जाताना पाहिल्या आहेत. मुख्य कार्यालयात जपतात ती बहुतेक करून मुख्य आवृत्ती. जिल्ह्याची चार पानं कुणी धरत नाही, आणि तुझं सगळं त्या चार पानांतच आहे. आवृत्तीप्रमुखांना रीतसर अर्ज दे की अभ्यासासाठी या फायली पाहायच्या आहेत आणि पानांचे फोटो घ्यायचे आहेत. लेखी परवानगी घे, उद्या प्रबंधात पान छापायचं झालं तर लागेल. मोबाईलनं उजेडात, पान सपाट ठेवून, पूर्ण पानाचा एक आणि बातमीचा वेगळा असे दोन फोटो. टाकूनच देणार असतील तर जिल्हा ग्रंथालयाला किंवा एखाद्या महाविद्यालयाला देता येतात का विचार.

आणि आमच्या पानांपुरतं मी एवढं करू शकतो. उन्हाळा लागला की फोटो येतीलच. यंदा छायाचित्रकाराला नावं विचारून आणायला सांगेन. ज्यांची द्यायची तयारी असेल त्यांची छापेन.

देवनार_ते_दादर

नावांबद्दल एक जपून सांगते. सगळ्यांनाच नाव छापलेलं हवं असतं असं नाही. क्षेत्रकामात एक काकू मला म्हणाल्या होत्या, फोटो काढ, पण नाव नको, सासरी कळेल. तेव्हा नाव नसणं ही दर वेळी वृत्तपत्राची बेपर्वाईच असेल असं गृहीत धरू नका. त्या बायकांना शोधून विचारा, तेव्हा कुणी नाव विचारलं होतं का? विचारलं असतं तर दिलं असतं का? तुमच्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच असेल.

वर्गातून

देवनार_ते_दादर यांनी माझं काम सोपं केलं.

मांजराकाठ, पहिली पायरी साधी आहे. एक तक्ता करा. २०१६ चे मार्च ते जून एवढेच महिने घ्या, जास्त नको. पाण्याविषयीची प्रत्येक बातमी आणि फोटो: तारीख, पान, किती स्तंभ, कोणाचं म्हणणं नावानिशी, कोणाचं ‘ग्रामस्थांनी सांगितले’ असं घाऊक, फोटोत कोण, ओळीत काय. आपल्याला जे सिद्ध करायचंय त्याच्या विरोधातल्या नोंदीही तितक्याच इमानानं लिहा. बाईचं नाव असलेली एखादी बातमी सापडली तर ती सोन्याची समजा, कारण ती कुणी लिहिली, का लिहिली, हे शोधता येईल. तेव्हाचे बातमीदार, छायाचित्रकार अजून लातुरातच असतील तर त्यांच्याशी बोला. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. कडक उन्हात, तोकड्या मानधनावर त्यांनीच ते दिवस टिपून ठेवलेत.

हा तक्ता महिन्या-दोन महिन्यांचा झाला की मला इथेच निरोप पाठवा, पाहून देईन. मुलाखतीला जाताना तोच घेऊन जा.

मांजराकाठ

अर्ज आजच दिला. आवृत्तीप्रमुख म्हणाले, रविवारी सकाळी ये, कार्यालय रिकामं असतं, किल्ली शिपाईकाकांकडे ठेवतो. टेम्पोवाल्याला तोवर थांबायला सांगितलंय.

सीयूईटी-पीजीचा अर्ज भरणार आहे, आणि रानडे आणि नांदेडचाही. निकाल लागेपर्यंत नोकरी सोडत नाही.

रात्रपाळी

उत्तम. तक्त्यात आवृत्तीचा रकाना ठेव. लातूर शहर आणि ग्रामीणची पानं वेगळी निघत असतील तर तारीख तीच असून पान तीनवर वेगळ्या बातम्या असतात. नंतर जुळवायला बसलीस तर डोकं फिरेल.